पदवी आणि पहिली नोकरी यांमधली सुट्टी

शेवटचा पेपर झाला की आधी कागदपत्रं, फिरणं नंतर. पदवी प्रमाणपत्र हाती यायला वेळ लागतो, म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका कॉलेज सोडायच्या आत घ्या. प्रत्येक कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा, एका अक्षराचा फरक ऐन रुजू होताना नडतो. स्कॅन ३०० डीपीआय इतक्या स्पष्टतेवर करा आणि फाइलला कागदाचंच नाव द्या. ‘स्कॅन००१’ नंतर कोण शोधत बसणार?

प्रवास रुजू होण्याच्या ८-१० दिवस आधी संपवा. परदेशी जाणार असाल तर पासपोर्ट उघडून बघा. बरेच देश ६ महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे नको. जड वस्तू मधल्या भागात, पाठीला चिकटून ठेवा. त्या बाहेरच्या कप्प्यात गेल्या की सॅक मागे ओढते, आपण पुढे वाकतो आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात.

पगार बहुतेक ठिकाणी महिना भरल्यावरच होतो. त्याआधीच घराचं डिपॉझिट, भाडं, भांडीकुंडी. दोन महिन्यांचा खर्च सहलीआधीच वेगळ्या खात्यात टाका.

जोडीदाराची नोकरी दुसऱ्या शहरात असेल तर ‘बघू, भेटू’वर सोडू नका, निघण्याआधीच पुढच्या भेटीचं तिकीट काढा. आणि घरी या नात्याबद्दल सांगायचंच असेल तर बॅग भरताना आदल्या रात्री नको. घरच्यांना प्रश्न विचारायला आठवडाभर तरी मिळू दे; ते विचारणारच.