अंगठ्यातली करकर

देवळासमोर हार ओवून विकणाऱ्या एक बाई गेल्या महिन्यात ओपीडीत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, सुई धरवत नाही." उजव्या अंगठ्याचे शेवटचे पेर त्यांना वाकवता येत नव्हते. दीड वर्षापूर्वी त्याच हाताचे मनगट मोडले तेव्हा मी त्यात लॉकिंग प्लेट, म्हणजे स्क्रू जिच्यातच घट्ट अडकतात अशी धातूची पट्टी, बसवली होती.

त्या शस्त्रक्रियेचा मला अभिमान होता. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, मनगटाच्या पाठीकडे सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये हाडात घातलेल्या तारा आणि प्लेट यांचे वर्षानंतरचे निकाल सारखेच निघाले. तरीही आमच्याकडे सरसकट प्लेट बसते, ही गोष्ट वेगळी. बाईंच्या हाडाचा तुकडा मात्र तळव्याकडे सरकलेला होता, तिथे तारांचा निभाव लागत नाही. तो इतका लहान होता की नेहमीच्या जागी ठेवलेल्या प्लेटच्या पकडीत आलाच नसता, म्हणून मी ती वॉटरशेड लाइनच्या, म्हणजे रेडियसच्या (अंगठ्याच्या बाजूचे हाताचे हाड) तळव्याकडच्या कंगोऱ्याच्या, जेमतेम दोन मिलिमीटर बोटांच्या दिशेने पुढे सरकवली. सांध्याचा तळव्याकडचा सुमारे 11 अंशांचा उतार नेमका परत मिळाला. मागून डोकावणारा स्क्रू अंगठा ताठ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापतो, म्हणून मनगट पूर्ण वाकवून सी-आर्मखाली, म्हणजे शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्राखाली, एकेक स्क्रू तपासला. मागच्या बाजूची एवढी काळजी घेणारा मी पुढच्या कडेबाबत निर्धास्त राहिलो.

कंगोऱ्यापुढे प्लेट आणि अंगठा वाकवणारी कंडरा यांच्यामध्ये आडोसा उरत नाही. प्लेट बसवताना उचललेला प्रोनेटर क्वाड्रेटस हा मनगटाजवळचा स्नायू पुन्हा शिवला तरी तो तिथवर पोहोचत नाही. रहाटाच्या दोरासारखी कंडरा झिजत जाते आणि एके दिवशी तुटते. हाड जुळल्यावर अशी प्लेट काढायची असते, हे मला ठाऊक होते. आठव्या महिन्यात बाई आल्या तेव्हा मी एक्स-रे पाहून खूश झालो. फिल्मवर कंडरा दिसत नाही, हे निवासी डॉक्टरालाही कळते. पण आम्हा अस्थिरोगतज्ज्ञांना हातापेक्षा फिल्मवर अधिक विश्वास.

प्लेट काढली. कंडरेची टोके विरलेली होती, ती जोडण्यासारखी नव्हती. अनामिकेची एक कंडरा अंगठ्याकडे वळवली. आता बाई अनामिका वाकवण्याचा विचार करून अंगठा वाकवायला शिकत आहेत.

जुन्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : "अंगठा वाकवताना करकर. हाड जुळले. सहा महिन्यांनी या."

"तेव्हाच कळलं नसतं का?" असे त्यांनी विचारले. कळले असते, असे मी सांगितले.