आमची वाटचाल: स्टुडिओतून कमाटीबागेत

बडोद्याच्या दांडिया बाजारात बाबांनी स्टुडिओ थाटला तेव्हा निम्मं काम पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंचं होतं. अमेरिकेसाठी ५१ बाय ५१ मिलिमीटर, ब्रिटनसाठी ३५ बाय ४५. मागे पांढरा पडदा, मान सरळ. मोबाइल आले तसं ते काम ओसरत गेलं. पण परदेशी गेलेली तीच माणसं हिवाळ्यात, उत्तरायणाच्या सुमारास, घरी येतात आणि आजी-आजोबांसकट सगळ्यांचा एक चांगला फोटो हवा म्हणतात. आमच्या धंद्याला पुढची वाट तिथे सापडली: या कुटुंबांचे फोटो आम्ही कमाटीबागेत काढू लागलो.

कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, १८७९ सालची. विश्वामित्री नदीच्या काठी शंभर एकरांहून मोठी. कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांच्या हाती तेव्हा पुरता कारभारही आला नव्हता. तो आला १८८१ मध्ये. आतली म्युझियमची इमारत १८९४ ची. इतकं वैभव मागे उभं असताना माणूस फोटोत हरवू नये, हीच आमची खरी कारागिरी, आणि ती कॅमेरा काढण्याच्या बरीच आधी सुरू होते.

कुटुंबाला आधी विचारतो, चालायला कोणाला त्रास आहे का? त्यावरून कुठल्या फाटकातून शिरायचं आणि किती आत जायचं ते ठरतं. आजींसाठी घडीची खुर्ची आमच्याकडूनच. मग ठरलेल्या वेळीच जागा पाहून येतो, कारण सकाळी नऊची सावली साडेसातला तिथे नसते. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या पुढेमागे उगवतो आणि पहिला तासभर ऊन कोवळं असतं. ते आम्ही पाठीमागून घेतो: केसांना सोनेरी कड येते, डोळे मिचकावे लागत नाहीत. चेहऱ्यावर उजेड पांढऱ्या रिफ्लेक्टरने परतवतो. हिरवळीवर तो फार लागतो, नाहीतर गवताचा हिरवा रंग थेट हनुवटीखाली चढतो. झाडाखाली मात्र कवडसे पडतात तिथे कोणालाच उभं करत नाही. सावलीची कड गाठतो.

म्युझियमसमोर लोकांची पहिली धाव पायऱ्यांकडे असते. आम्ही त्यांना इमारतीपासून पुष्कळ पुढे, कॅमेऱ्याजवळ आणतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ. मग कमानी मागे डौलात उभ्या राहतात, भिंती कलत नाहीत आणि आजोबांचा चेहरा मोठा दिसतो. बँडस्टँडपाशी एकट्याचे किंवा जोडप्याचे फोटो. तिथे ८५ मिलिमीटरची लेन्स पुरते.

कपड्यांचं माझी बहीण बघते. हिरवाईत हळदी, डाळिंबी, मोतिया रंग खुलतात. पोपटी तिला अजिबात चालत नाही. सगळ्यांनी एकसारखं घालण्याचा हट्टही ती गोडीने मोडून काढते.

परवानगीची चौकशी आम्ही स्वतः करतो, ग्राहकावर सोडत नाही. रविवार घेत नाही, गर्दीत लहान मुलं बावरतात. पावसाळ्यात विश्वामित्री फुगते, म्हणून तेव्हाच्या तारखा देत नाही. आणि नदीत मगरी आहेत. कितीही आग्रह झाला तरी काठाखाली कोणाला उतरू देत नाही.

बाबा अजून दुकानात बसतात. छापलेला प्रत्येक फोटो आधी त्यांच्या हातात जातो, आणि त्वचेचा रंग त्यांना पटला नाही तर तो पुन्हा छापला जातो.