त्सिन्त्सुन्त्सानच्या दफनभूमीत १ नोव्हेंबरची रात्र

कामानिमित्त मेक्सिकोत होते. मेलेली माणसं घरच्यांना भेटायला परत येतात असं मानतात, तो मृतांचा सण बघायचाय म्हटल्यावर ऑफिसातल्या सगळ्यांनी पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटाचं नाव घेतलं. आणि बोटीला लांबच लांब रांगा असतात, वर पाय ठेवायला जागा नसते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून मी काठावरचं त्सिन्त्सुन्त्सान निवडलं. एके काळी इथल्या मूळच्या पुरेपेचा लोकांच्या राज्याची राजधानी, आता लहानसं गाव.

पात्स्क्वारो गावातल्या खोल्या कधीच्या भरलेल्या, त्यामुळे मुक्काम मोरेलिया शहरात. तिथून पात्स्क्वारो बसनं साधारण तासाभरावर, पुढे कोंबी, म्हणजे तिकडची वडाप.

जायचं तर दुपारीच जा. मध्यरात्री येणाऱ्यांना फक्त मेणबत्त्या दिसतात. गावातला मोठा रस्ता दफनभूमीच्या मधूनच जातो; दोन्ही बाजूंना लोक तण उपटत होते, कबरी धूत होते, लाकडी चौकटींवर झेंडू बांधत होते. एवढा झेंडू बघून मला दसरा आठवला खरा, पण हे फूल मुळात मेक्सिकोचं, आपल्याकडे ते नंतर आलं.

एका आजींना विचारलं, फोटो काढू का? त्यांनी माझ्या हातात रिकामी बादली दिली. पाणी आणून दिल्यावर मग बसायला जागाही मिळाली.

अंधार पडला तसा कोपालचा, म्हणजे तिकडच्या धुपाचा, धूर दाटला. भरतकामाच्या रुमालांखाली पाव, फळं, मक्याच्या हिरव्या पानात वाफवलेल्या कोनदार कोरुंदा. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये गप्पा सुरू झाल्या. तुमची माणसं कुठे पुरलीत? पुरत नाही, जाळतो. आजी जरा विचारात पडल्या. मग ती येतात कुठे?

मी पितृपक्षाचं सांगितलं: पान वाढतो, कावळा शिवला की पोचलं. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. याच दिवसांत मोनार्क फुलपाखरं उत्तरेकडून इथल्या मिचोआकान राज्याच्या डोंगरांत उतरतात, ते आपलेच आत्मे, असं इकडे मानतात. "तुमचा कावळा खातो तरी," आजी म्हणाल्या, "आमची नुसती उडतात."

दहानंतर पर्यटकांच्या बस आल्या. कबरी ओलांडत फ्लॅश मारणारे बघून मला लाज वाटली. एका कबरीवरची माती अजून ताजी होती, तिथली मंडळी कुणाशीच बोलत नव्हती. तिथेही कॅमेरे गेलेच.

गरम कपडे हवेतच. गाव २,००० मीटरहून उंचावर आहे, पहाटे दात वाजतात. परतीची सोय आधी करून ठेवा. मी टॅक्सी ठरवली होती, पण चालकाचीच आई इथे पुरलेली. उजाडल्याशिवाय तो उठणार नव्हता. मीही आजींचं आतोले, मक्याचं गरम पेय, पीत बसले.