खड्ड्यात पडलेला पाना

जायफळात वजनाच्या चौथा ते तिसरा हिस्सा चरबी असते. साध्या पल्व्हरायझरला, म्हणजे दळायच्या यंत्राला लावलं की ते तापतं, चरबी सुटते, चाळणीची भोकं लगद्याने बुजतात आणि ज्या वासासाठी जायफळ घ्यायचं तो वास उडून जातो. म्हणून कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या मसाला युनिटमध्ये ते द्रव नायट्रोजनवर दळलं जातं. उणे १९६ अंशांना उकळणारा हा द्रव, माल पुढे सरकवणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरमध्ये फवारायचा, जायफळाचे तुकडे गोठून ठिसूळ झाले की पिन मिल या दळणयंत्रात सोडायचे. मिलच्या तोंडाशी उणे साठच्या आसपास तापमान टिकलं तर पूड अगदी सुटी पडते. मी शिफ्ट सांभाळते, आणि जायफळाची बॅच असली की त्या पुडीचा वास घ्यायला आवर्जून जाते.

जुलैतली दुपारची शिफ्ट होती. बाहेर धो धो पाऊस. बॅच निम्मी झाली असताना माल वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरच्या तळाशी खडखड सुरू झाली. तो तळ पुरुषभर खोल खड्ड्यात आहे. मामा वरून बोल्ट आवळत होते, तेवढ्यात पाना निसटून खाली पडला. हे मामा आमच्याकडचे सगळ्यांत जुने हेल्पर, मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगणारे.

"मॅडम, पाना खाली गेलाय बघा. पटकन उतरून आणतो की."

त्यांचा पाय शिडीवर होता. माझं लक्ष जमिनीकडे गेलं. पूड गाळून वायू बाहेर सोडणाऱ्या बॅग फिल्टरच्या मागून धुक्याचा पातळ पट्टा फरशीवरून सरकत होता आणि खड्ड्याच्या काठावरून आत उतरत होता. नायट्रोजनचा एक्झॉस्ट छपराच्या वर काढलेला असल्याने तिथे धुकं दिसायलाच नको. मी ओरडले, "मामा, पाय वर घ्या!"

"नाकात दम धरून जातो. एका दमात वर."

"अजिबात नाही."

भिंतीवरचा ऑक्सिजन मॉनिटर २०.४ टक्के दाखवत होता. १९.५ च्या खाली गेल्याशिवाय तो वाजत नाही, आणि तो बसवलाय डोक्याच्या उंचीवर. थंडगार नायट्रोजन हवेपेक्षा जड, तो विहिरीत पाणी उतरावं तसा खालीच साठतो. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. शिवाय दिसतं ते धुकं हवेतल्या बाष्पाचं. नायट्रोजनला ना रंग ना वास. धुकं विरलं म्हणजे वायू गेला, असं मुळीच नाही.

इमर्जन्सी स्टॉप दाबला, बाहेरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करवला, शटर पूर्ण वर घेतलं, सगळ्यांना पावसात बाहेर काढलं. मग खिशातला ऑक्सिजनचा छोटा मीटर सुतळीला बांधून काठावरून हळूहळू खाली सोडला. अर्ध्यावरच तो किंचाळायला लागला. वर ओढून नोंद पाहिली: तळाशी ९ टक्के. एवढ्या ऑक्सिजनवर माणूस काही कळायच्या आत कोसळतो. दम कोंडल्यावर होणारी तगमग ही साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. नायट्रोजन ओढताना तो बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर इशाराच देत नाही. मामा पडले असते, तर त्यांच्यामागे निदान दोघं तरी उतरले असते. आमची पोरं तशीच आहेत. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला, कोंबडीचं मांस गोठवणाऱ्या कारखान्यात द्रव नायट्रोजन सांडून सहा कामगार गेले. त्यात मदतीला धावलेलेही होते.

मीटर मामांच्या हातात दिला. त्यांनी आकडा बघितला आणि कितीतरी वेळ तो तसाच धरून ठेवला.

ब्लोअर लावून खड्डा मोकळा केल्यावर बॅग फिल्टरमागे गेलो. फिल्टर आणि एक्झॉस्ट डक्ट जोडणारी लवचीक बाही क्लॅम्पपाशी अर्धी फाटली होती. देखभालीच्या ठेकेदाराने सिलिकॉनची काढून साधी पीव्हीसीची बसवली होती. व्यास तोच, रंगही जवळपास तोच. पण पीव्हीसी थंडीत कडक होऊन तडकतं. ज्या थंडीने जायफळ फुटायला हवं होतं, तिने बाही फोडली होती.

रात्रीतच बॅच पुरी करा, असा वरून फोन आला. मी नाही म्हटलं आणि तसं लॉगबुकात लिहिलं. भरलेल्या बॅगा तशाच बंद ठेवल्या. गार पूड दमट हवेत उघडली तर तिच्यावर दव धरतं आणि गुठळ्या होतात. ती बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला यावी लागते. माल एक दिवस उशिरा गेला.

आता खड्ड्यावर कुलूपबंद जाळी आहे, दुसरा सेन्सर खड्ड्याच्या तळाशी बसवलाय आणि मीटर सोडून बघितल्याशिवाय जाळीची किल्ली मिळत नाही. ती किल्ली मामांकडे असते. आणि बाहीच्या इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, व्यासाशेजारी किमान तापमान लिहिलेलं नसेल, तर मी सही करत नाही.