तुम्ही विचारलंत म्हणून: एल्कसाठी रायफल की ठासणीची बंदूक?

कोलोरॅडोत राहणारी, शिकार करणारी मराठी बाई म्हटल्यावर लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘का?’ दुसरा प्रश्न जे स्वतः जंगलात जायला निघालेत त्यांचा: ‘एल्कचं लायसन्स काढायचंय, रायफलचं काढू की मझललोडरचं?’ (एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण, आणि मझललोडर म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची ठासणीची बंदूक.) पहिल्याचं उत्तर लहान आहे. आमच्या घरात जे मांस शिजतं ते जनावर कसं जगलं आणि कसं मेलं, हे मला ठाऊक असायला हवं. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

माझं मत आधी सांगते. पहिल्या वर्षी रायफल, आणि तीही मादी मारायच्या लायसन्सवर. ठासणीची बंदूक नंतर. पण नंतर जरूर.

इथल्या लायसन्सवर हत्यार, तारखा आणि जंगलाचा भाग हे तिन्ही ठरलेलं असतं. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर, नऊ दिवसांचा. रायफलचे चार टप्पे, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत. मधल्या काही आठवड्यांत डोंगर पार बदलून जातो. त्यामुळे ‘कुठली बंदूक’ असं विचारलंत की मी आधी उलट विचारते: तुम्हाला एल्क कुठल्या महिन्यात भेटायला हवाय?

सप्टेंबरात नर माजावर आलेले असतात. फ्लॅट टॉप्सचं पठार दहा हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे पहाटे अंधारात उभं राहिलं की खालच्या ॲस्पेनच्या रानातून नराची हाळी येते. खर्जात सुरू होते, चढत चढत बारीक शिट्टीसारखी होते आणि शेवटी दोन-चार हुंकार. दुसरा नर पलीकडच्या सोंडेवरून तिला उत्तर देतो. तीनशे किलोचं जनावर, डोक्यावर शिंगांचं एवढं झाड, आणि आवाज बासरीच्या वरच्या पट्टीतला! मादीच्या आवाजाची शिट्टी वाजवली तर कधी कधी तो स्वतःहून चालत येतो, इतक्या जवळ की त्याचा उग्र वास आधी पोचतो. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला छोटा, म्हणून तिला हा महिना दिलाय. एल्क जवळ येऊ देतो तो याच दिवसांत.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हाळी ओसरते. बंदुकांचे आवाज ऐकून कळप स्प्रूसच्या दाट झाडीत शिरतात आणि दिवसभर हलत नाहीत. मग बर्फ पडतं, वरचं गवत झाकलं जातं आणि कळप खाली मीकर गावाच्या बाजूच्या उघड्या सेजच्या माळांकडे उतरू लागतात. नोव्हेंबरात ते दिसतात खूप, पण लांबून: अडीचशे, तीनशे यार्ड, मध्ये एक झुडूप आडोशाला नाही. रायफलची गरज तिथे लागते.

आता बंदुकीकडे येते. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, आसपासच्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे असायची तशी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. आजोबांची बंदूक भातातल्या डुकरांना पळवायला बार काढण्यापुरतीच होती. पण नळीत दारू ओतून गजाने ठासायची पद्धत मी तिथे पाहिली, आणि कोलोरॅडोचा हंगाम त्याच पद्धतीवर उभा आहे. दुकानात मिळणाऱ्या आधुनिक मझललोडरवर दुर्बीण असते, प्लास्टिकच्या वेष्टणातली बारीक गोळी असते, दारूच्या तयार वड्या असतात. इथे ठासणीच्या हंगामात हे सगळं निषिद्ध. दुर्बीण नाही, नेम धरायला फक्त नळीवरची माशी आणि खाच. दारू सुटी, मापाने ओतायची. गोळी वेष्टणाशिवाय, नळीच्या मापाची. एल्कसाठी नळी कमीत कमी .50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाची. बिनधुराची दारूही चालत नाही. लोक या नियमांवर कुरकुरतात. मला ते मनापासून पटतात. माजाच्या दिवसांत दोनशे यार्डांवरून दुर्बिणीने गोळी घालायची मुभा दिली तर त्या जनावराला काही संधीच उरणार नाही.

भरताना घाई चालत नाही. मापात दारू घ्यायची, नळीत ओतायची, गोळी तोंडाशी बसवायची आणि गजाने खाली दाबायची. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, म्हणून गजावर खूण करून ठेवायची आणि दर वेळी ती खूण नळीच्या तोंडाशी जुळते का ते पाहायचं. सगळ्यात शेवटी केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, आणि तीही नेम घ्यायच्या जागी पोचल्यावर. पावसाळी ढग आले तर नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावायची. बार त्या पट्टीतून निघून जातो. ओली दारू घेऊन नरासमोर उभं राहण्यासारखी हतबलता दुसरी नाही. संध्याकाळी बंदूक उडवली असेल तर त्याच रात्री गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवायची, वाळवायची, तेल लावायचं. जळलेल्या काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते.

दुसरी गोळी भरायला सरावाच्या हातालाही अर्धा मिनिट लागतं, थंडीने बोटं आखडली असतील तर त्याहून जास्त. त्यात पहिल्या बारानंतर पांढरा धूर पसरतो आणि एल्क पडला, वळला की पळाला हे दिसत नाही. कान उघडे ठेवायचे, धूर निवेपर्यंत जागेवर थांबायचं, मग रक्त शोधायचं. उघड्या माशीने शंभर यार्ड ही माझी हद्द आहे. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर जड शिशाची गोळी दीडशेवर साधारण फूटभर खाली जाते. एल्कच्या छातीतला काळीज-फुप्फुसांचा भाग फार तर सव्वा फुटाचा. म्हणजे अंतराच्या अंदाजात पन्नास यार्डांची चूक झाली तर गोळी पोटाखाली किंवा पायात.

नवख्याला मी आधी रायफल का सांगते ते इथे आहे. जखमी एल्क मैलोन्‌मैल जातो. दाट रानात शिरला की कोल्ह्या-कावळ्यांना सापडतो, तुम्हाला नाही. त्याचे हाल टाळणं ही आपली पहिली जबाबदारी, आणि ती रायफलने जास्त खात्रीने पार पडते. माझी रायफल साधी .30-06 आहे, 180 ग्रेन वजनाची गोळी. दोनशे यार्डांवर जुळवली तर तीनशेवर आठ-नऊ इंच उतरते. दुर्बिणीतून जनावर नीट दिसतं: मादीच आहे ना, मागे दुसरी उभी नाही ना, पुढचा पाय कुठे आहे. चुकलं तर बोल्ट मागे-पुढे करून दोन सेकंदांत दुसरी गोळी तयार. कायद्याला .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची गोळी पुरते, पण एल्कसाठी तेवढ्यावर जाऊ नका. आणि शक्यतो तांब्याची गोळी घ्या. शिशाची गोळी फुटून तिचे कण मांसात पसरतात, आणि मागे टाकलेल्या आतड्यांवर येणारे गरुड ते कण खातात.

मादीच का? कारण शिंगं समोर आली की नवख्या माणसाचा श्वास सुटतो आणि बोट चापावर आधीच जातं. मादीसमोर डोकं थंड राहतं. मांस उत्तम असतं, आणि कळपांची संख्या आवरायला माद्यांची शिकार लागतेच. नराच्या बाबतीत बहुतेक भागांत आणखी एक अट असते: एका शिंगाला चार टोकं, किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंच. पहाटेच्या अंधूक उजेडात, फांद्यांआड, माशीच्या बंदुकीने हे ओळखणं पहिल्या वर्षी जमणं कठीण.

रायफलचा दोषही सांगायला हवा, कारण तो मी इथल्या शूटिंग रेंजवर दर ऑगस्टला पाहते. लोक टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून चारशे यार्डांवरचं पत्र्याचं वर्तुळ वाजवतात आणि समजतात की एल्कही चारशेवर जमेल. डोंगरात टेबल नसतं. चढण चढून छाती धपापत असते, वारा आडवा असतो. काठीवर टेकवून, बसून, धापा टाकत जितक्या लांब तुमच्या दहाच्या दहा गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसतात, तेवढाच तुमचा पल्ला. बहुतेकांचा तो दोनशेच्या आतच निघतो.

लायसन्सचं गणित थोडक्यात. ठासणीचं लायसन्स फक्त ड्रॉमधून, म्हणजे सोडतीतून मिळतं. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आत. अर्जात चार पसंती देता येतात. पहिली पसंती लागली नाही तर पुढच्या वर्षासाठी प्राधान्याचा गुण जमा होतो. म्हणून पहिल्या पसंतीला सप्टेंबरच्या हंगामासाठी जंगलाचा चांगला भाग लिहा आणि खालच्या पसंतीत रायफलचं मादीचं लायसन्स. दोन्ही वाटा चालू राहतात. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी शिक्षणाचा दाखला लागतो, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना. आणि बंदूक कुठलीही असो, अंगावर 500 चौरस इंच झळाळतं नारिंगी किंवा गुलाबी आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. त्यात सूट नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. रायफलच्या हंगामात, रायफलच्या लायसन्सवर, ठासणीची बंदूक वापरायला कायद्याची ना नाही. उलटं मात्र चालत नाही. तेव्हा तुमच्याकडे दोन्ही असतील तर ऑक्टोबरात ठासणीची घेऊन दाट स्प्रूसमध्ये शिरून बघा. साठ यार्डांवर अचानक उठलेली मादी समोर असताना बंदूक खाली ठेवता येते का, हे तिथे कळतं. ते जमलं की सप्टेंबरचा अर्ज भरायला तुम्ही तयार आहात.

एच-वन-बीवर असलेले बरेच जण विचारतात म्हणून: इमिग्रंट नसलेल्या व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण वैध शिकार लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. ते लायसन्स हातात येण्याआधी मित्राची रायफलसुद्धा हाताळू नका, आणि खरेदीपूर्वी वकिलाशी बोला. व्हिसा पणाला लावण्याजोगं यात काही नाही.

राहिलं ऊन. या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण बंदुकीच्या चर्चेत तो कोणी काढत नाही. सप्टेंबरात दुपारी ऊन तापतं. एल्कची कातडी जाड, मानेवर आयाळ, आत मांसाचा प्रचंड साठा. पडल्यावर तो स्वतःच्याच उष्णतेने हाडाजवळून नासायला लागतो. बार उडाल्यावर पहिल्या तासात कातडी उतरवायची, चारही तंगड्या सुट्या करायच्या, सुती पिशव्यांत घालून सावलीत वाऱ्याला टांगायच्या. मागची एक तंगडी पंचवीस किलोच्या आसपास भरते. मग ती पाठीवर घेऊन गाडीपर्यंत चालायचं, परत यायचं, पुन्हा चालायचं. नोव्हेंबरात हेच काम बर्फात होतं आणि निसर्ग शीतपेटीचं काम करतो. रात्रभर टांगून ठेवलं तरी सकाळी मांस कडक गार असतं. नवख्याला रायफलचा हंगाम सोपा जातो त्याचं अर्धं कारण हे आहे.

त्यात ठासणीचा हंगाम बऱ्याचदा गणपतीत येतो. मंडळाच्या आरतीला हजर राहायचं असेल तर शनिवारी मारून रविवारी परत, असा बेत लोक आखतात. असं करू नका. पाठीवर ओझं वाहू शकणारी, बोलावल्याबरोबर निघणारी दोन-तीन माणसं आधी ठरवा, त्यांच्या सुट्ट्या ठरवा, बर्फाच्या पेट्या गाडीत आहेत का पाहा. ती माणसं एप्रिलपर्यंत नक्की होत नसतील, तर त्या वर्षी सप्टेंबरचा अर्ज भरू नका; नोव्हेंबरचं लायसन्स घ्या.