आखडलेला सोमवार

मंगळवार, पहाटे पावणेचार

झोप येत नाही. व्हँकुव्हरला आत्ता सोमवारची दुपार आहे, सव्वातीन वाजलेत, आणि शरीर तिथल्याच घड्याळावर अडून बसलंय. हेही जागे आहेत, अक्काही जाग्या आहेत. दोघं आपापल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलेत. हातपाय धुताना मला भिंत धरावी लागली, मोरीतली फरशी बोटीसारखी डुलत होती. सात दिवस पाण्यावर काढले की जमिनीवर काही दिवस असं होतं म्हणे.

वही बरोबर नेली होती. रविवारचं पान समासापर्यंत भरलंय आणि सोमवारचं कोरं. सोमवार आलाच नाही असं नाही. पण तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, यावर आम्हा तिघांचं अजून एकमत नाही. आणि सोमवारही साधा नव्हे, श्रावणातला, दुसरा.

अलास्काची बोट ठरली तेव्हा श्रावण मध्ये येतोय हे लक्षात होतं. पण कॅनडाचा आणि अमेरिकेचा असे दोन-दोन व्हिसे, ह्यांचे गुडघे, अक्कांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं ज्या एका आठवड्यात बसलं तो हाच. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, डोंबिवलीच्या. त्या म्हणाल्या, "सोमवार काय, बोटीवरही येतोच की."

आला. बोट सुटली रविवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी पहिला सोमवार. दिवसभर नुसतं पाणी आणि दोन्हीकडे देवदारांनी भरलेले डोंगर. करण्यासारखं काहीच नाही, म्हणून सगळी बोट सकाळी सहापासून खात होती. चाळीस-पन्नास पदार्थ मांडलेल्या त्या टेबलांसमोरून आम्ही दोघी केळं आणि दही घेऊन जायचो. उपास सोडायचा संध्याकाळी, दिवस मावळला की. ऑगस्टात तिकडे सूर्य मावळतो रात्री नऊला! आठ वाजता बघावं तर हा आपला डोंगरावर हातभर वर. ह्यांनी सातलाच जेवून घेतलं आणि वर येऊन विचारलं, "अजून आहे का तो?" म्हणजे सूर्य. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब सोमवार तो.

शाळेत असताना श्रावणी सोमवारी अर्धी सुट्टी मिळायची. उपास सोडायला मुलं घरी वेळेवर पोचावीत म्हणून. त्या दिवशी बोटीवर मला त्या घंटेची फार आठवण झाली.

बोटीबद्दल आणखी काय लिहू. हिमनदी निळी असते, फोटोत वाटते त्याहून निळी. कडा तुटून पाण्यात पडला की आवाज मागाहून येतो, लांबच्या तोफेसारखा. बाकी त्या त्या दिवसाच्या पानावर आहे.

परतीची गंमत शनिवारी रात्रीच सुरू झाली. बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावून रात्री अकराच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, त्या एकदम खाली धक्क्यावर मिळणार. उद्याचे कपडे तेवढे बाजूला काढून ठेवा, असं सूचनेच्या कागदावर ठळक लिहिलं होतं. ह्यांनी वागळे इस्टेटच्या कारखान्यात पस्तीस वर्षं इतरांना सूचना पाळायला लावल्या. ह्यांनी शर्ट बाजूला काढला, पँट काढली, पट्टा काढला. बूट बॅगेत. सकाळी इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट आणि पायात बोटीवरच्या कापडी सपाता, अशा थाटात आम्ही कॅनडात उतरलो. ते स्वतः इतके गंभीर होते की कोणाची हसायची हिंमत झाली नाही. अक्का सोडून.

अक्कांचाही गोंधळ झालाच. सोमवारच्या सोयीसाठी त्यांनी बुफेतून तीन केळी पर्समध्ये भरली होती. सकाळी घोषणा झाली की फळं खाली न्यायची नाहीत. टाकून द्यायचं त्यांच्या रक्तात नाही. रांगेत उभ्या राहून तिन्ही खाल्ली आणि सालं रुमालात गुंडाळली.

धक्क्याजवळच मेट्रोचं स्टेशन आहे. तिथून विमानतळ २६ मिनिटं. गाडीला ड्रायव्हर नाही. अक्का अगदी पुढच्या काचेशी बसल्या आणि पूर्ण वेळ स्वतः गाडी चालवत असल्यासारख्या रूळ बघत होत्या. साडेदहाला पोचलो. विमान साडेतीनचं, काउंटर उघडायला अवकाश. मग जिथे बाक दिसला तिथे बसलो, आणि समोर ती नाव.

हिरव्या काशाची प्रचंड होडी. बिल रीड नावाच्या, हायडा या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या शिल्पकाराची, १९९६ पासून तिथे आहे. होडीत अस्वल, लांडगा, गरुड, बीव्हर, बेडूक, एक उंदरीण, सगळे दाटीवाटीनं कोंबलेले. कोणी वल्हवतंय, कोणी शेजारच्याला चावतंय. सुकाणू डोमकावळ्याकडे. मधोमध काठी घेतलेला एक मोठा माणूस, आणि मागच्या बाजूला एक म्हातारा, ज्याला या सफरीत यायचंच नव्हतं पण वल्हं हातात दिलंय म्हणून मारतोय. पाटीवर त्याचं वर्णन साधारण तसंच आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते बूट घालत होते. माझ्या बघण्याचा अर्थ त्यांना कळला असावा, कारण म्हणाले, "कावळ्याकडे सुकाणू दिलं की असंच होतं," आणि अक्कांकडे बघितलं. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर हीच होडी होती. माणसाला नोटेवर छापायला राजे-राण्या सुचतात. इथे एकमेकांना चावत का होईना, एका होडीत बसलेले सगळे छापले. मला ते आवडलं.

साडेअकराला अक्का घड्याळ बघून म्हणाल्या, "ठाण्यात बारा वाजले. सोमवार लागला."

इथून वाद. अक्कांचं म्हणणं, देव कोपिनेश्वर, तो ठाण्यात, म्हणून वेळ ठाण्याची. आम्ही विमानात असू नाही तर चंद्रावर. ह्यांचं म्हणणं, आपल्यात वार मध्यरात्री बदलतच नाही, सूर्योदय ते सूर्योदय असा वार. म्हणजे आपण जिथे असू तिथे सूर्य उगवेल तेव्हा सोमवार. ह्यांनी आयुष्यात एक उपास केलेला नाही, पण मुद्दा बरोबर होता. मी ह्यांच्या बाजूनं गेले. खरं सांगायचं तर तत्त्वासाठी नव्हे, विमानातलं जेवण मिळावं म्हणून. अक्कांनी फक्त "बरं" म्हटलं. आमच्या घरात या शब्दाला फार धार आहे.

विमानात डावीकडची खिडकी मला मिळाली. रविवारचं जेवण रविवारीच जेवले. मग नकाशावर बॅफिन बेट आलं, ग्रीनलंड आलं. सूर्य हळूहळू क्षितिजाला टेकला आणि गेला. पण उजेड जाईना. बाहेर एक नारिंगी पट्टा उरला, तो पंखाच्या मागच्या बाजूने सरकत सरकत पुढे यायला लागला. विमानातल्या सगळ्यांनी खिडक्या बंद केल्या होत्या, मी बोटभर फट ठेवून बघत होते. ह्यांनी उपासाच्या चिवड्याच्या पुडीवर पेनानं आकृती काढून समजावलं: या दिवसांत इतक्या उत्तरेला सूर्य क्षितिजाखाली जेमतेम चार-पाच अंश उतरतो, नुसता बुडी मारून सरपटत जातो, आणि आपण पूर्वेला चाललोय म्हणून रात्र आणखी कापली जाते. दोनएक तासांत तो पट्टा उजळला आणि सूर्य बाहेर आला. गेला होता तिथून थोडासाच उजवीकडे. देवळाला अर्धी प्रदक्षिणा घालून दुसऱ्या दारानं यावं तसा.

अशी रात्र मी कधी पाहिली नव्हती. अंधार झालाच नाही आणि उजाडलं. ह्यांना हलवून म्हटलं, "सोमवार लागला." ते घोरत होते. पलीकडून अक्का म्हणाल्या, "मला कालच लागलाय."

नाश्त्याला ऑम्लेट आलं, परत केलं.

फ्रँकफर्टला अक्कांसाठी व्हीलचेअर सांगितली होती. ती वेळेवर आली, आणि ती ढकलणारा मुलगा इतक्या झपाझप चालायचा की आम्ही दोघं मागून पळत होतो. अक्का राणीसारख्या पुढे. पुढच्या विमानाच्या दाराशी पोचलो आणि न विचारताच कळलं की हे मुंबईचं विमान. अजून कोणाला बोलावलं नव्हतं आणि सगळे रांगेत उभे. "अगं ती पिशवी दे इकडे", "पासपोर्ट हातात ठेव म्हटलं ना". दहा दिवसांनी पहिल्यांदा आजूबाजूचं सगळं आपोआप कळत होतं, ऐकायचं नव्हतं तेसुद्धा.

विमान सुटल्यावर तासाभरात जेवण आलं. भात, राजमा, गोड काहीतरी, आणि अख्ख्या विमानात लसणाचा वास. सूर्य ढळढळीत डोक्यावर. हवाई सुंदरीला सांगितलं, थोड्या वेळानं देता का? ती गोड आवाजात म्हणाली, गरम केलेलं अन्न ठेवता येत नाही. पाव, लोणी आणि फळांची वाटी तेवढी ठेवून घेतली. अक्कांनीही. सात वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे ठाण्याच्या सात वाजून पाच मिनिटांनी, खाली काळा समुद्र आणि बाहेर लख्ख ऊन असताना अक्कांनी डोळे मिटून हात जोडले आणि उपास सोडला. माझ्या समोर. सावकाश. फळांची एकेक फोड चावत. मधेच म्हणाल्या, "तुझा कधी?"

माझा अजून दोन तासांनी. सूर्य विमानाच्या मागे पडत चाललेला, तो दिसायला गाल काचेला लावून मान वळवावी लागत होती. नकाशावर कॅस्पियन समुद्र होता तेव्हा तो एकदाचा बुडाला. वरून बुडताना तो चपटा होतो, खाली ठेवलेल्या पणतीसारखा. मी पावाचा गोळा मोडला. दगड झाला होता. नंतर वहीत मांडून बघितलं. बोटीवरचा सोमवार उजाडल्यापासून मावळेपर्यंत पंधरा तासांचा होता, हा भरला जेमतेम साडेदहा तासांचा. म्हणजे देवानं मागचे तास वळते करून घेतले. अक्कांचा उपास मात्र पुऱ्या एकोणीस तासांचा झाला, त्यातले बरेच व्हँकुव्हरच्या रविवारातले. पुण्य कोणाचं जास्त हे विचारायची सोय नाही.

मुंबईत साडेबाराला उतरलो. बॅगा आल्या. बाहेर पाऊस, जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर नेहमीचे खड्डे, त्यांनी मात्र बोटीची आठवण करून दिली. मुलुंडच्या नाक्यावर ह्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. छोट्या गाड्यांना टोल माफ होऊन किती दिवस झाले, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, पण हात जातोच. तीन हात नाक्याला मेट्रोचे खांब तसेच. अक्का काचेतून बघून म्हणाल्या, "यांच्याही गाडीला ड्रायव्हर नसेल का?"

बोटीतून उतरल्यापासून दारात किल्ली लावेपर्यंत पावणेतीस तास. घराला बंद घराचा कुबट वास, चपलांच्या कपाटात पांढरी बुरशी. फ्रिजमध्ये शेजारच्या काकूंनी दूध आणि वाटीभर साखरफुटाणे ठेवलेत. वाटीवर झाकण, झाकणाला चिठ्ठी: "सोमवारचा प्रसाद."

सकाळी साडेसात

पाचला तिघंही उठून बसलो, सोंग किती वेळ चालणार. चहा झाला. ह्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अजून सूर्य उगवलेला नाही."

"मग?"

"मग सोमवार आहे अजून."

अक्का काही बोलल्या नाहीत. उठून साडी बदलून आल्या.

राममारुती रोडवर दुकानं बंद, फक्त दूधवाले. रस्ता डुलत होता, मी ह्यांचा दंड धरला, तर म्हणाले, "मलाही धरू दे कुणाला तरी." जांभळी नाक्याला फुलवाल्या टोपल्या मांडत होत्या. मी बेल मागितला. दुसऱ्या सोमवारची शिवामूठ तिळाची, लग्नानंतर पाच वर्षं न चुकता वाहिली होती, ते आठवून घरातून चिमूटभर तीळही पुडीत घेतले होते.

फुलवाली म्हणाली, "ताई, सोमवार काल झाला. हा कालचा उरलेला आहे, दहा रुपयांत सगळा घेऊन जा."

घेतला. देवळाचं दार उघडं होतं, आत चार-पाच माणसं. पावसानं मासुंदा तळ्यावरचं काही दिसत नव्हतं. सूर्य उगवायला अजून वीस मिनिटं होती.