अंधारात बोलणारी पेशी

स्नेहसंमेलनं, सहली आणि मैदानावरच्या भांडणांबद्दल या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी जीवशास्त्राच्या बाईंच्या एका प्रश्नाबद्दल लिहितो. फळ्यावर डोळ्याची आकृती काढून त्यांनी विचारलं होतं, "अंधारात दृष्टिपटल रिकामं बसतं का रे?" आणि उत्तर न सांगताच त्या पुढच्या धड्याकडे वळल्या. (ही त्यांची खोडच होती.) मला उत्तर मिळालं ते थेट एम.एस्सी.ला. आता मीच शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि तोच प्रश्न वर्गात टाकतो.

रिकामं तर नाहीच बसत. मंद उजेडात आपण पाहतो ते दृष्टिपटलातल्या दंडपेशींच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या दांडीसारख्या पेशींच्या जोरावर. एका डोळ्यात त्या सुमारे 12 कोटी असतात. मिट्ट काळोखात या पेशींच्या आवरणातल्या वाहिन्या उघड्या असतात, त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम आत येत राहतं, पेशीचा विद्युतदाब उणे 40 मिलिव्होल्टच्या आसपास टिकतो आणि टोकाशी ग्लुटामेट हे पुढच्या पेशींशी बोलणारं रसायन अखंड पाझरत असतं. आत आलेलं सोडियम बाहेर फेकण्यात ऊर्जाही भरपूर जाते. म्हणजे दंडपेशीची खरी मेहनत अंधारातच. उजेड पडला की ती गप्प होते, आणि हे गप्प होणं हाच पुढच्या पेशींना मिळणारा संदेश!

गप्प होते कशी, तो भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. दंडपेशीतल्या रोडॉप्सिन या रंगद्रव्यात रेटिनाल नावाचा, जीवनसत्त्व 'अ'पासून बनलेला वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशकण आदळला की तो सरळ होतो. प्रकाशाचं काम इथेच संपतं. पुढचं सगळं रसायनशास्त्र. बदललेलं एक रोडॉप्सिन ट्रान्सड्यूसिन या प्रथिनाचे अनेक रेणू जागे करतं, ते एका विकराला कामाला लावतात, आणि वाहिन्या उघड्या धरणारं सायक्लिक जीएमपी हे रसायन तो विकर झपाट्याने तोडतो. वाहिन्या मिटतात, विद्युतदाब उणे 70कडे घसरतो, ग्लुटामेट आटतं. साखळीत संदेश इतका वाढतो की एकट्या प्रकाशकणाचीही नोंद होते. बेलर, लॅम आणि याऊ या शास्त्रज्ञांनी 1979मध्ये भेकाच्या दंडपेशीवर ती मोजून दाखवली. रेटिनालचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना 1967च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला होता.

सरळ झालेलं रेटिनाल पुन्हा वाकवून बसवायला मात्र वेळ लागतो. लख्ख उजेडातून आल्यावर डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा-पाऊण तास जातो तो त्यामुळे. सध्याच्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावं: उजेडात बसून एक डोळा अर्धा तास नीट झाकून ठेवा, मग अंधाऱ्या खोलीत जाऊन आळीपाळीने एकेका डोळ्याने पाहा. झाकलेल्या डोळ्याला खोलीतल्या वस्तू दिसतील, दुसरा चाचपडत राहील. अंधुक वस्तूकडे थेट न बघता नजर जराशी बाजूला ठेवा, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच.